बूटलोडर उडाला म्हणून बोर्ड टाकू नका

रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणक-बोर्डांबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय: ‘ईएमएमसीवरचा बूटलोडर उडाला की बोर्डाची वीट झाली. जेटॅगशिवाय तो उठत नाही, डेटा तर गेलाच. नवा घ्या.’ (ईएमएमसी म्हणजे बोर्डावरची साठवणुकीची चिप, बूटलोडर म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, जेटॅग म्हणजे चिपशी थेट बोलायची खास जोडणी.)

वीट? चिपला वीज मिळताच चालणारा पहिला कोड ईएमएमसीवर नसतोच. तो प्रोसेसरच्या आतल्या रॉममध्ये असतो, ठरवूनही पुसता येत नाही. ऑलविनर कंपनीच्या चिपमध्ये या कोडला कुठेच बूटलोडर सापडला नाही, की तो यूएसबीकडे कान लावून बसतो. याला फेल मोड म्हणतात. (नाव फसवं आहे, यात काही फेल झालेलं नसतं.) रॉकचिप कंपनीच्या चिपमध्ये हाच मास्करॉम मोड. बूटलोडर अर्धवट शाबूत असून मध्येच अडकत असेल, तर मात्र रॉम आपणहून इकडे वळत नाही. बोर्डावर त्यासाठीचं बटण असेल तर ते दाबून वीज द्यावी लागते.

जेटॅग नको, डेटा नेणारी केबल हवी. बोर्डाचा ओटीजी पोर्ट (ज्यातून बोर्ड लॅपटॉपचं उपकरण बनू शकतो तो यूएसबी पोर्ट) लॅपटॉपला जोडा, लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ ही जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी आज्ञा चालवा. १एफ३ए:ईएफई८ दिसलं तर ऑलविनर जागा आहे; २२०७ ने सुरू होणारा आयडी रॉकचिपचा. काहीच दिसलं नाही तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलीने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्लीय.

पुढचं काम मला फार आवडतं. चिपमधला एसरॅम (आतली छोटी मेमरी) एवढासा, त्यात कर्नल (लिनक्सचा गाभा) मावणार कुठून? म्हणून ‘सनएक्सआय-फेल’ हे ऑलविनरसाठीचं लॅपटॉपवरचं साधन आधी यू-बूट या बूटलोडरचा एसपीएल नावाचा छोटा तुकडा तिथे टाकतं. तो डीरॅम (बोर्डाची मोठी मुख्य मेमरी) चालू करतो आणि पुन्हा फेलकडे परततो. मग यू-बूट, कर्नल, डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या भागांची यादी) आणि इनिटरॅमएफएस (मेमरीतच राहणारी छोटी फाइल सिस्टिम) केबलवरून थेट डीरॅममध्ये उतरतात. सिरियल कन्सोलवर (बोर्डाचा मजकूर दाखवणाऱ्या तारेच्या जोडणीवर) आज्ञा टाइप करायचं शेल येतं, तोवर ईएमएमसीवर एक बाइटही लिहिलेला नसतो.

म्हणूनच ‘डेटा गेला’ हेही घाईचं. ऑलविनरचा एसपीएल ईएमएमसीच्या सुरुवातीपासून साधारणपणे ८ केबीवर बसतो, तर जीपीटीचा तक्ता (कुठला विभाग कुठे आहे याची नोंद) पहिल्या १७ केबीपर्यंत पसरतो. नवा तक्ता लिहिताना बूटलोडर मारला जातो तो असा. पुढच्या फाइली बहुधा जागच्या जागी असतात. ईएमएमसी माउंट न करता (म्हणजे फाइली उघडायला न जोडता) आधी ‘डीडी’ या हुबेहूब प्रत काढणाऱ्या आज्ञेने बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या, दुरुस्ती त्या प्रतीवर करा.

सल्ल्यात खरं एवढंच, की सुटका सगळ्यांची होत नाही. पॉवर चिप जळाली असेल तर केबल काय करणार? सिक्युअर बूटचे (फक्त सही असलेलाच कोड चालू देणाऱ्या सोयीचे) फ्यूज मुद्दाम उडवलेले असतील, तर सही नसलेला एसपीएल रॉम घेत नाही. रास्पबेरी पाय ३बी मध्ये यूएसबी वाटेतल्या हबमधून जातं, त्यामुळे पाय झीरोसारखं त्याला लॅपटॉपवरून उठवता येत नाही. त्याच्यासाठी एसडी कार्डच बरं.