हस्तकला घरी पाठवूच नका

दर पावसाळ्यात शाळा जरा रुळल्या की माझ्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तोच विषय येतो. कुणाच्या दुसरीतल्या मुलाला 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' करून न्यायचंय, कुणाच्या तिसरीतल्या मुलीला 'पाणी वाचवा'वर थ्रीडी मॉडेल, निरोप आलाय रात्री साडेआठला आणि द्यायचंय उद्या सकाळी. मग कुणाचा नवरा कार्डशीटसाठी स्कूटर काढतो, कुणी यूट्यूब लावून बसतं, मूल नऊला झोपून जातं आणि आई बारापर्यंत आइस्क्रीमच्या काड्यांची विहीर चिकटवत बसते. सकाळी ग्रुपवर विहिरीचा फोटो, खाली 'माय लिटल आर्टिस्ट'.

यंदा यावरून चांगलंच वाजलं. एक पार्टी म्हणते हे प्रकार बंदच करा, पोरांना धड वाचता येत नाही आणि तुम्ही चिकटकाम कसलं करून घेताय. दुसरी म्हणते मार्क नाहीत म्हणून कोणी सिरियसली घेत नाही, दहावीला एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या ग्रेडवर वाढीव गुण मिळतात ना, तसं खालपासूनच काहीतरी ठेवा. तिसरी म्हणते मुळात शिकवायला माणूसच नाही. आणि मग कुणीतरी मला टॅग करतं, की तुमच्या स्वीडनमध्ये काय करतात गं, तिकडे म्हणे लहान पोरं सुतारकाम करतात.

करतात की. इथे त्याला स्लॉयड म्हणतात आणि तो सक्तीचा विषय आहे, गणितासारखाच. नऊ वर्षांच्या शाळेत मिळून ३३० तास स्लॉयडचे, आणि चित्रकलेचे २३० तास वेगळे. आमच्या गोथेनबर्गच्या शाळेत तिसरीपासून आठवड्याला एकदा मुलं स्लॉयडच्या खोलीत जातात, म्हणजे दोन खोल्या असतात, एक लाकूड-धातूची आणि एक शिवण-विणकामाची, अर्धा वर्ग इकडे अर्धा तिकडे आणि काही महिन्यांनी अदलाबदल. पूर्वी मुलग्यांना लाकूड आणि मुलींना सुई असंच होतं, १९६९ च्या अभ्यासक्रमापासून दोन्ही सगळ्यांना. त्यामुळे इथला दहा वर्षांचा पोरगा स्वतःची पीटीची पिशवी मशिनवर शिवतो, त्यात नाडी ओवतो, आणि मुली करवत, कानस, रंधा सगळं चालवतात. सुरुवातीच्या वस्तूंमध्ये बहुतेकदा लाकडाची लोणी लावायची सुरी असते, बर्चच्या नाहीतर ज्युनिपरच्या तुकड्यातून चाकूने तासून काढलेली. खराखुरा धारदार चाकू हो. बसून काम करायचं, पातं आपल्यापासून लांब चालवायचं, चाकू हातात घेऊन खोलीत फिरायचं नाही. बोटं कापतातच, कपाटात बँडेडचा डबा असतो, बँडेड लावतात आणि पुढे चालू. आपल्याकडे शहरातल्या शाळेत टोकदार कात्री आणायला बंदी असते आणि त्याच शहरापासून तासाभरावर चौथीतली पोर विळीवर बसून कांदा चिरत असते, त्यामुळे आपली मुलं हे करू शकणार नाहीत असं तरी कोणी मला सांगू नये.

हे ऐकून ग्रुपवर सगळ्यांचं 'वॉव, हाऊ नाइस' होतं आणि लगेच पुढचं वाक्य, आपल्याकडे अशा खोल्या कुठून आणणार. बरोबरच आहे, आणि मी खोल्या आणा असं म्हणतच नाहीये. अर्ध्या वर्गाचा हिशोब धरला तर इथे एका शिक्षकापुढे बारा-पंधरा मुलं असतात, आपल्याकडे चाळीस असतात नाहीतर एकच गुरुजी चार इयत्ता सांभाळत असतात. शिवाय इथेही सगळं आलबेल नाही. पात्रताधारक स्लॉयड शिक्षक कमी पडतात, वर्षाच्या शेवटी पोरं पिशवीत अर्धवट विणलेलं काहीतरी घरी आणतात आणि ते मग माळ्यावर जातं, आणि काही मुलं अख्खी टर्म मोबाइलचा एक स्टँड घासत बसतात. तेव्हा स्वीडनची आरती ओवाळायला मी आलेले नाही.

मला त्यातली एकच गोष्ट उचलण्यासारखी वाटते आणि तिला खोली लागत नाही. इथे स्लॉयडचं काम घरी येत नाही. वस्तू पूर्ण होईपर्यंत शाळेत राहते आणि सामान शाळेचं असतं. शिक्षण मोफत याचा अर्थ इथल्या कायद्यात सामान पण मोफत असा आहे, उद्या येताना लोकरीचा गुंडा आणि सहा चार्टपेपर घेऊन या असं शाळा सांगूच शकत नाही. एवढ्या एका गोष्टीने काय होतं बघा. आईला संधीच मिळत नाही. बापाला पण नाही. दुकानात तयार विहीर मिळत नाही कारण ती घ्यायला कोणी येणारच नाही. आणि सुरी वाकडी झाली तर ती त्या पोराचीच वाकडी सुरी असते.

यामागे जुना विचार आहे. आमच्या घरापासून फार लांब नाही, साधारण ३० किलोमीटरवर तळ्याकाठी नेस नावाची इस्टेट आहे, तिथे ओट्टो सालोमोन नावाच्या माणसाने १८७५ च्या सुमारास शिक्षकांना स्लॉयड शिकवायला सुरुवात केली. जागा आणि पैसा त्याच्या मामाचा, मामा मोठा व्यापारी. पुढे जगभरातून शिक्षक तिथे येऊन शिकून गेले. सालोमोनचे नियम होते, सोप्याकडून अवघडाकडे जायचं, नुसतं शोभेचं काही करायचं नाही, घरात वापरता येईल अशीच वस्तू करायची, आणि मला सगळ्यात आवडणारा म्हणजे शिक्षकाने मुलाच्या वस्तूला हात लावायचा नाही. दाखवायचं असेल तर दुसऱ्या लाकडावर दाखवा. उद्देश सुतार तयार करणं हा नव्हताच, पोराला लक्ष देऊन, नीट, स्वतःच्या जोरावर काम करायची सवय लागावी हा होता. आता हा नियम डोक्यात ठेवून आपल्या शाळांच्या गॅदरिंगमधलं हस्तकला प्रदर्शन आठवा, जिथे मुलाच्या वस्तूला मुलाचाच तेवढा हात लागलेला नसतो.

आता मार्कांचं. यात गंमत अशी आहे की स्वीडनमध्ये मार्क आहेत, आणि भरपूर आहेत. सहावीपासून ग्रेड सुरू होतात आणि नववीनंतर पुढच्या प्रवेशासाठी जी बेरीज करतात त्यात स्लॉयडचा ए म्हणजे २० गुण, गणिताचा ए म्हणजे पण २० च. (पास व्हायला गणित लागतंच, पण बेरजेत दोन्ही सारखे.) इथे आलेले आपले लोक आधी पालकसभेत गणित किती स्लो शिकवता म्हणून तक्रार करतात आणि नंतर हे कळलं की तोंड बघण्यासारखं होतं, अजून स्लॉयडची ट्यूशन कोणी काढलेली नाही, पण काढतील. तर मार्क असूनही इथे वस्तू आईने केलेली नसते, कारण ती आईच्या हातात पडतच नाही. आणि नुसत्या वस्तूला ग्रेड नसते. मुलाने लिहायचं असतं की काय करायचं ठरवलं, हेच लाकूड का घेतलं, कुठे बिघडलं, मग काय केलं. आपल्याकडे दहावीला एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेडप्रमाणे ए ला ७, बी ला ५, सी ला ३ गुण मिळतात, त्यासाठी गल्लीगल्लीत क्लास आहेत आणि क्लासमध्ये स्थिरचित्र घोटून घेतात. वाईट नाही, हात बसतो. पण तीच पद्धत दुसरी-तिसरीला आणलीत तर रात्री साडेआठचा निरोप जाणार नाही, फक्त विहीर जास्त सुबक होईल आणि तिच्यावर भांडणंही होतील.

तसं पाहिलं तर आपल्या कागदावर काय कमी आहे? कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालातच कार्यानुभव सांगितला. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण हे तिन्ही विषय आठवीपर्यंत लेखी परीक्षेशिवाय तपासायचे असतात, ते आकारिक मूल्यमापन. बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' आहे, त्यात ठसे आहेत, मातीकाम आहे, कागदकाम आहे. पण नोंद करायला सरांना वेळ नाही म्हणून वर्णनात्मक नोंदींच्या तयार पीडीएफ फिरतात, 'आकर्षक रंगसंगती साधतो', 'टाकाऊतून टिकाऊ वस्तू बनवतो', आणि मुलाने ठशासाठी भेंडी हातात धरलेली नसली तरी नोंद छान होते. मी सरांना दोष देत नाहीये, त्यांच्यामागे माहिती भरायची कामं किती असतात हे माझ्या मावसबहिणीकडून ऐकते, ती झेडपीत आहे. शिक्षक नेमा म्हणणाऱ्यांचंही खरंच आहे, फक्त आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात कला आणि कार्यशिक्षणाचे अर्धवेळ निदेशक आहेत ते सहावी ते आठवीला, ते पण शंभरावर पट असेल तर. पहिली ते पाचवीला वेगळा माणूस कायद्यानेच दिलेला नाही. तो येईल तेव्हा येईल, तोपर्यंत वर्गशिक्षकच.

आणि आपल्याला हे बाहेरून शिकायची गरज होती असंही नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधींनी शिक्षण परिषद भरवली, झाकीर हुसेन समिती बसली, हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण फिरवायचं ठरलं. नई तालीम. त्यात मुलांच्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा हा भाग होता आणि मला तो तेव्हाही चुकला असं वाटतं, कारण वस्तू विकायची म्हटलं की ती चांगलीच व्हावी लागते आणि चांगली व्हायची म्हटलं की मोठ्यांचा हात आत शिरतो. नेसचं आणि वर्ध्याचं इथे फाटतं. पण मुलाच्या हाताला काम द्या, त्यातूनच मोजमाप आणि भाषा येईल, हे दोन्हीकडे एकच होतं.

मुळात आपल्याकडे एक हस्तकला अशी होती, जिला शाळेने कधी हात लावला नाही. दिवाळीतला किल्ला. सहामाही संपली की पोरं माती आणायची, दगडविटा रचून वर गोणपाट टाकायची, चिखल थापायची, अळीव नाहीतर मोहरी पेरायची म्हणजे पाडव्यापर्यंत हिरवं होतं, बुरूज ढासळला की पुन्हा थापायचा, पाण्याचं तळं गळतं म्हणून खाली प्लास्टिक घालायचं हे कोणीतरी थोरला पोरगा शिकवायचा. मोठ्यांचा सहभाग एवढाच की हातपाय धुऊन घरात या. मार्क नाहीत, निरोप नाही, थीम नाही. आता सोसायटीत स्पर्धा लागली, बक्षीस ठेवलं आणि बक्षीस ठेवल्याबरोबर बाबा लोक आले, ड्रिल मशिन आलं, लायटिंग आलं, पोरं कडेला मावळे धरून उभी. ज्यांना तेवढाही वेळ नाही ते प्लास्टरचा तयार किल्ला आणतात.

म्हणून मला वाटतं आपल्याकडच्या वादात सगळे भलतीकडेच ओढताहेत. मार्क हवेत की नको, वारली शिकवायची की ओरिगामी, हे नंतर बघू. आधी एवढंच करा की पाचवीपर्यंत एकही हस्तकला घरी जाणार नाही. आठवड्यातून एक जोड तासिका, शुक्रवारी दुपारी म्हणा, तेव्हा मुलं अशीही पेंगत असतात. जे होईल ते वर्गात होईल, अर्धवट राहिलं तर खोक्यात नाव घालून ठेवायचं, पुढच्या शुक्रवारी पुढे. चाळीस मुलं असली तर वीस जणांनी कागदकाम करायचं आणि वीस जणांनी मातीत, गोंगाट होणार, होऊ दे. चाकू नको तर नको. टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या शालेय विज्ञान कार्यक्रमात काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन, घरं उभी करून दाखवली, ते आजही तेवढ्याच पैशात होतं आणि त्रिकोण हलत नाही, चौकोन हलतो हे पोराला न सांगता कळतं.

सामानाचं म्हणाल तर सरकारी शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त अनुदान येतं, शंभराच्या आत पट असेल तर वर्षाला जास्तीत जास्त २५,००० रुपये, आणि त्यात लाइटबिल, खडू, दुरुस्ती सगळं भागवायचं असतं हे मला माहितीये. पण पंधरा कात्र्या, फेव्हिकॉलचा मोठा डबा, सुतळी, सुया, रद्दी आणि गावातलीच माती, याला त्यातले दोन-तीन हजार पुरावेत. गावात बांबूचं काम करणारं कोणी असेल तर वर्षातून चार शुक्रवार त्यांना बोलवा आणि मानधन द्या, नुसता शाल-श्रीफळ देऊन फोटो नको.

खाजगी शाळांबद्दल तर बोलायलाच नको, तिथे पैशाची अडचण नाहीये. ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा एकीचं उत्तर आलं, 'अगं पण मग आम्हाला कसं कळणार शाळेत काय करतात ते.' खोक्यातली वाकडी वस्तू वर्षअखेरीला बघा की. आणि तोवर पुढच्या पालकसभेत कोणीतरी उठून एवढंच विचारा, की अॅक्टिव्हिटी फी वर्षाच्या सुरुवातीलाच घेता ना, मग चार्टपेपर आम्ही घरून का पाठवायचा.