जॅक लंडनचं जळकं घर: फिरणाऱ्या मजकुराबद्दल खुलासा

इंदुरात आपल्या मराठी मंडळींमध्ये सध्या अमेरिकन लेखक जॅक लंडनच्या नावाने एका भग्न दगडी वाड्याचा फोटो फिरतोय. खाली मजकूर : ‘जॅक लंडन याच घरात राहायचा. वैऱ्यांनी ते पेटवलं आणि तो आत जळून मेला.’ मुलांकडे कॅलिफोर्नियाला जाणारे आपले बरेच जण हे ठिकाण बघून येतात, म्हणून लिहितोय.

फोटो खरा, लंडनने कॅलिफोर्नियातल्या आपल्या मळ्यात बांधायला घेतलेल्या ‘वुल्फ हाऊस’चाच. पण लंडन तिथे एक रात्रही राहिला नाही. बांधकाम संपत आलेलं, सामान हलवायच्या बेतात, आणि २२ ऑगस्ट १९१३ च्या रात्री आग लागली. तो वारला २२ नोव्हेंबर १९१६ ला, वयाच्या चाळिशीत, त्याच मळ्यातल्या साध्या लाकडी घरात. ते घर अजून शाबूत आहे. लोक मात्र फोटो काढतात ते भग्न भिंतींचे!

आग लावल्याचा संशय तेव्हाही होता; सिद्ध काहीच झालं नाही. १९९५ मध्ये तज्ज्ञांनी अवशेष तपासले, तेव्हा बोट गेलं जवसाच्या तेलाच्या चिंध्यांकडे. लाकूडकामाला तेल पुसून चिंध्यांचा बोळा तसाच टाकला, की तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, काडी न लावता तो पेटतो. आपल्याकडे सुतारकाम चालू असेल तर चिंध्या पसरून वाळवा.

‘सरकारी संग्रहालय’ म्हणून फिरणारा दुसरा फोटो त्याची पत्नी चार्मियन हिने नंतर बांधलेल्या घराचा आहे. लंडनने ते पाहिलंच नाही.