सहा सेकंदांत पाढे, आणि आपल्या वर्गातली आकारिक चाचणी

महाराष्ट्रातले शिक्षक म्हणतात, ऑनलाइन माहिती भरण्यातच वेळ जातो, शिकवायचं कधी? त्यांना हमखास मिळणारं उत्तर असं: परदेशात बघा, तिथे सगळं डिजिटल आहे. इंग्लंडमध्ये राहून हे उत्तर मला पटत नाही.

इथल्या सरकारी शाळांत इयत्ता ४च्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांची दर जूनमध्ये पाढ्यांची चाचणी होते. २०२२पासून ती सक्तीची आहे आणि स्क्रीनवरच द्यावी लागते. प्रश्न २५, पाढे बारापर्यंत, प्रत्येक उत्तराला ६ सेकंद, दोन प्रश्नांमध्ये ३ सेकंद. पास-नापास नाही. ‘सात एके सात’पासून म्हणत छप्पन्नपर्यंत पोचणारं मूल या ६ सेकंदांत अडकतं, आणि तेच तपासायचं असतं. पण त्याच ६ सेकंदांत आकडे टाइपही करायचे असतात. कळफलकाची सवय नसलेल्या मुलाला पाढा येत असूनही गुण जातो. म्हणून सरावासाठी वेगळी सोय आधीपासून खुली ठेवतात, आणि गरज असलेल्या मुलांना प्रश्नांच्या मध्ये थांबता येतं.

गुण हाती येतात तेव्हा उन्हाळी सुट्टी तोंडावर असते. सप्टेंबरमध्ये मूल पुढच्या वर्गात जातं, बहुधा दुसऱ्या शिक्षकाकडे. सरकारला चित्र मिळतं, पण ज्या शिक्षकाने वर्षभर शिकवलं त्याच्या हातात सुधारायला वेळ उरत नाही.

आपल्याकडे वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत आणि सत्राअखेरच्या संकलित चाचण्यांचे गुण विद्या समीक्षा केंद्राच्या, म्हणजे शाळांची माहिती एकत्र करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, चॅटबॉटवर भरायचे असतात. या साधनाची किंमत मी एकाच गोष्टीवरून करीन: कोणता प्रश्न कोणाचा आणि कसा चुकला, हे वर्गशिक्षकाला त्याच आठवड्यात कळतं का? गुण नुसते वर जात असतील, तर शिक्षकांचा राग रास्तच आहे.

रोजच्या आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे शिकवता शिकवता मुलांना काय समजलं हे तपासायला, याहून खूप साधं साधन पुरतं. प्लिकर्स या फोनवरच्या ॲपची कार्डं घ्या; ॲप ती कॅमेऱ्यातून वाचून कोणी काय उत्तर दिलं ते नोंदवतं. ४० कार्डांचा संच छापायला फुकट मिळतो. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी नक्षी आणि क्रमांक असतो, चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरं बारीक छापलेली, त्यामुळे शेजाऱ्याचं उत्तर सहज दिसत नाही. विद्यार्थ्यांची यादी एकदा भरून क्रमांक वाटायचे. प्रश्न फळ्यावर लिहायचा. मुलं आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरतात आणि शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो. मुलांकडे एकही यंत्र लागत नाही. झेडपीच्या वर्गात हे फार मोलाचं आहे.

बिघडतं ते बारीकसारीक कारणांनी. चकचकीत लॅमिनेशनवर उजेड चमकला की कॅमेरा वाचत नाही, म्हणून ते मॅटच करावं. बोटं नक्षीवर आली की कार्ड वाचलं जात नाही, ते कडेला धरायला पहिल्याच दिवशी शिकवावं. मागच्या बाकांसाठी मोठ्या आकाराची कार्डं छापावीत.

मात्र खरी मेहनत प्रश्नाची आहे. १/२ + १/३ किती? पर्याय ५/६, २/५, २/६, १/६. २/५ निवडणारा अंशात अंश, छेदात छेद मिळवतो. २/६वाला छेदाचा गुणाकार करतो, पण अंश बदलायला विसरतो. १/६वाल्याने गुणाकारच केला. तीन चुकांना तीन वेगळे उपचार लागतात, आणि ते त्याच तासात करता येतात. पर्याय कसेबसे भरलेले असतील तर यातलं काहीच कळत नाही. चार पर्यायांत नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून एकाच संकल्पनेवर दोन प्रश्न विचारावेत, म्हणजे ती सुमारे ६ टक्क्यांवर येते.

कार्डावर रीत दिसत नाही, ही त्याची मर्यादा. त्यासाठी इंग्लंडमधले शिक्षक आजही मुलांच्या हाती छोटे पांढरे फळे देतात. मूल उत्तर मांडून फळा वर करतं. आपल्याकडे त्याला पाटी आहे, आणि डिजिटलच्या उत्साहात ती वर्गातून काढू नये. पाटीवर रीत बघावी, कार्डावर नोंद ठेवावी. ती नोंद शिक्षकाने स्वतःच्या उद्याच्या तासासाठी वापरावी, आणि तीच आणखी एका पोर्टलवर पुन्हा भरायला कोणी सांगू नये.