दुखणं तठेच शे

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी होते. पितरांची घागर भरून झाली होती, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं, मागच्या अंगणात खापरावर मांडे पडत होते. कूलरसमोरच्या जागेसाठी पोरांची मारामारी चाललेली. आणि ओट्यावर नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, माझ्या नाकाची केस चालवत होते.

निमित्त धाकट्या चुलतभावाचं. तो जळगावला दाखवून आला होता. ‘नाकाचं हाड वाढलंय, सायनस भरलेत, दुर्बिणीचं ऑपरेशन करून टाकू.’ घरात लगेच तट पडले. नाना म्हणाले, ऑपरेशन बिलकुल नाही, आपल्या बाईचं काय झालं बघा. ‘पैसा बी गया नि दुखनं बी तठेच शे!’ (पैसाही गेला नि दुखणंही तिथेच आहे.) माझा भाऊ म्हणाला, तिचंच बघा ना, इंग्लंडला गेली तेव्हा कुठे फरक पडला. खोट ऑपरेशनात नाही, इथल्या डॉक्टरात आहे. मोठीमायचा, म्हणजे थोरल्या काकूचा, पक्ष तिसरा: बाईचं डोकं दुखतं ते तिकडच्या थंडीनं, इथे असती तर एव्हाना बरी झाली असती. तिन्ही पक्षांचा पुरावा मीच. मी तिथेच ताटं वाढत होते, मला कोणी काही विचारलं नाही.

तेव्हा माझी साक्ष इथे नोंदवते.

आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवतात. पुढची खोली आढ्यापर्यंत भरायची आणि आम्ही भावंडं त्या ढिगाला लागून झोपायचो. अंगाला खाज, नाकाला धार. सर्दी हा आजार असतो हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तोवर तो माझा स्वभाव आहे असंच वाटायचं. पुढे नाक कायमचं चोंदलं, फोडणीचा वास येईना, आणि भुवयांच्या मध्ये, नाकाच्या मुळाशी दुखायला लागलं. २०१९ साली जळगावच्या एका खाजगी दवाखान्यात गेले. सोमवारी दाखवलं, संध्याकाळी सीटी स्कॅन, गुरुवारी ऑपरेशन. इतक्या झटपट तर आमच्याकडे सातबारासुद्धा निघत नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली, म्हणून पुन्हा लिहिते: ऑपरेशन चांगलं झालं. नाक मोकळं झालं, तिसऱ्या आठवड्यात लसणाचा वास आला तेव्हा मी स्वयंपाकघरात रडले होते. पण सातव्या आठवड्यात दुखणं परत आलं. तीच जागा, तोच दाब, कोणी अंगठा रोवून उभं राहावं तसा. दुसरा स्कॅन काढला. ‘सगळं स्वच्छ आहे,’ डॉक्टर म्हणाले. मग दुखतं का? ‘थोडे दिवस जाऊ द्या.’ घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, ऑपरेशन फसलं, लुबाडलं आपल्याला. नाना आज जे बोलतात ते माझंच तेव्हाचं बोलणं आहे.

मग नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंड, कॉव्हेन्ट्री शहर. गावी एक समज पक्का आहे की तिकडे औषधपाणी फुकट. व्हिसासोबत प्रत्येक मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्याचा अधिभार आधीच मोजून घेतात, हे कोणी ऐकत नाही. आणि वाट! मोठ्या सरकारी दवाखान्यातले उपचार १८ आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असा त्यांचा नियम आहे. शंभरातल्या ९२ जणांना तरी तो पाळायचा असं ठरलेलं आहे, आणि २०१६ नंतर ते जमलेलं नाही. मला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी मनातल्या मनात जळगावच्या त्या सोमवारची किती आठवण काढली.

पण त्याच दिवसांत एक गोष्ट घडली. दुकानात भाजी, दूध आणि पॅरासिटामॉलची तीन पाकिटं घेऊन काउंटरवर गेले. यंत्राने लाल दिवा लावला. गल्ल्यावरची बाई आली, एक पाकीट बाजूला काढलं, म्हणाली, दोनच मिळतील. १९९८ पासून तिथे साध्या दुकानात एका पाकिटात १६ च गोळ्या असतात, आणि दोन पाकिटांवर बहुतेक ठिकाणी देत नाहीत. हा नियम विष म्हणून गोळ्या खाणाऱ्यांना अडवायला केलेला. मला राग आला, लाजही वाटली. आमच्या गावच्या मेडिकलवर नुसतं ‘डोक्याची द्या’ म्हटलं की पट्टी हातात पडते, वर सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट. महिन्याला आपल्याला किती गोळ्या लागतात हे मी त्या दिवसापर्यंत मोजलंच नव्हतं. घरी येऊन मोजलं. महिन्यात १९ दिवस गोळी.

सात महिन्यांनी डॉक्टर भेटले. आधी २२ प्रश्नांचा कागद भरून घेतला: नाक किती चोंदतं, झोप किती लागते, चेहरा किती दुखतो, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. मग दुर्बीण घातली आणि म्हणाले, तुमचं ऑपरेशन कोणी केलं? फार नीट केलंय. दुखणं तिथलं नाही. मी मनात म्हटलं, झालं, सरकारी पैसा वाचवायचा म्हणून हाकलताहेत. त्यांनी दोन महिने डोकेदुखीची डायरी लिहायला सांगितली. औषध नाही, डायरी! नानांना हे सांगितलं तेव्हा ते किती तरी वेळ हसत होते.

डायरीत जे दिसलं ते असं. दुखणं पाळीच्या आधी येतं, उपास घडला की येतं, उन्हातून आले की येतं, आणि आलं की नाकही चोंदतं, डोळ्याला पाणी येतं. म्हणूनच आम्ही सगळे त्याला सायनस म्हणत होतो. पण ते होतं मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी. चेहऱ्याची संवेदना नेणारी जी मोठी नस आहे, ट्रायजेमिनल, तिच्याच फांद्या कपाळाला, गालाला आणि सायनसच्या आतल्या अस्तराला जातात. मायग्रेनमध्ये ती नस खवळली की नाक गळतं, चोंदतं, आणि माणूस नाकाच्या डॉक्टरकडे जातो. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ‘सायनसचं डोकं दुखतं’ म्हणणारे २,९९१ लोक तपासले होते. ताप किंवा पू असलेले आधीच वगळलेले. या २,९९१ पैकी ८८ टक्क्यांची लक्षणं मायग्रेनची निघाली. शिवाय जुनाट सायनसमध्ये मुख्य त्रास चोंदण्याचा, शेंबडाचा, वास जाण्याचा असतो. दुखणं पुष्कळांना नसतंच. माझ्याकडे दोन्ही होतं, शेजारी शेजारी. ऑपरेशनने एक गेलं, दुसरं जाणार नव्हतंच.

वर गोळ्यांचा फेरा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, नाहीतर दोन-तीन औषधांची मिश्र गोळी १० दिवस, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. ती सोडवली. ते तीन आठवडे कोणाला सांगण्यासारखे नाहीत. माय आठशे मैल दूर असती तरी आली असती, ती साडेचार हजार मैलांवर. तिथे डोकं दाबून देणारं कोणी नसतं. शेजारीण भली, पण दाराशी कार्ड ठेवून जाते. मोठीमायचं म्हणणं एवढ्यापुरतं मला मान्य आहे.

मग रात्री अमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम. हे जुनं नैराश्यावरचं औषध, पण इतक्या कमी मात्रेत ते नसेच्या दुखण्यासाठी देतात. गावी पाकिटावरचं नाव भावाने मोबाइलवर शोधलं आणि घरात शांतता पसरली. ‘वेड्याची गोळी देतात का तुला तिकडे?’ मोठीमायने हळूच विचारलं. नाकात काप घेतला तर सगळा गाव नारळपाणी घेऊन भेटायला येतो, आणि दहा मिलिग्रॅमची गोळी मात्र लपवून घ्यायची.

आता मला महिन्यातून चार-पाच दिवस दुखतं. ‘इंग्लंडला जाऊन बरी झाली’ हे खोटं आहे. बरी झालेली नाही, ओळख झाली आहे. सकाळी मिठाच्या पाण्याने नाक धुते, जेवणाची वेळ चुकवत नाही, गोळी आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही. नाक धुण्याबाबत नानांची जलनेती बरोबरच आहे, इंग्लंडचे डॉक्टरही तेच सांगतात. फक्त पाणी उकळून गार केलेलं हवं. बोअरचं कच्चं पाणी नाकात ओढू नये, क्वचित का होईना, त्यातून मेंदूपर्यंत जाणारा अमिबा असतो. हे ऐकल्यावर नानांनी तांब्या खाली ठेवला.

भावाचं म्हणणं, म्हणजे इथले डॉक्टर कापायलाच बसलेत, मला पटत नाही. कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवण्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घेणं, आहे, कोण नाही म्हणतं. २०१७ मध्ये तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदासुद्धा राज्यात तयार झाला होता, तो मसुद्यातच राहिला. पण माझ्या सर्जनने मला फसवलं नाही. जे बंद होतं ते त्यांनी उघडलं. २०२१ मध्ये कोविडनंतर काळी बुरशी पसरली तेव्हा नाकात, सायनसमध्ये शिरलेली बुरशी तातडीने खरवडून काढणं हा मुख्य उपाय होता. तिथे सात महिने काय, सात दिवसही चालले नसते. आपल्याकडच्या घाईने तेव्हा माणसं वाचवली. घाईला मी नावं ठेवणार नाही.

माझी तक्रार त्या सोमवारच्या पाच मिनिटांबद्दल आहे. ‘कधी दुखतं, किती गोळ्या खाता, घरात कोणाचं डोकं दुखतं’ हे कोणी विचारलं नाही. (मायचं दुखतं. डोक्याला फडकं करकचून बांधून ती आयुष्यभर भाकरी थापत आली. आम्ही त्याला पित्त म्हणायचो.) आणि विचारलं असतं तर? बाहेर ओळीत साठ माणसं, आणि मी घरी येऊन म्हटलं असतं, पाचशे रुपये घेतले नि नुसते बोलत बसले, सुई नाही, गोळी नाही. आपण स्कॅनला पैसे देतो, बोलण्याला देत नाही. डॉक्टरलाही हे पक्कं ठाऊक असतं.

चुलतभावाला संध्याकाळी ओट्यावर घेऊन बसले. ऑपरेशन कर किंवा करू नको, यातलं काही सांगितलं नाही. दोन रकाने पाडले: एकात चोंदण्याचं, दुसऱ्यात दुखण्याचं. वास येत नाही, उजवी बाजू कायम बंद, पिवळं येतं, हे पहिल्या रकान्यात. दुसऱ्या रकान्याशी तो अडला. कधी दुखतं ते सांगता येईना. खिशातून गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली, आणि चोंदलेलं नाक मोकळं करायच्या थेंबांची बाटली. ते थेंब पाच-सात दिवसांच्या वर टाकले तर उलटे नाक चोंदवतात. हा पठ्ठ्या दोन वर्षं टाकतोय. म्हटलं, डॉक्टरांना हे दोन्ही रकाने दाखव, थेंबांचंही सांग, आणि विचार, ऑपरेशनने यातलं काय जाईल नि काय राहील. ते सांगतील ते लिहून घे.

तो अजून गेलेला नाही. कापसाची लागवड झाल्यावर जातो म्हणतो. पण दुखलं त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करायचं कबूल केलं होतं, ते करतो. परवा त्याने पानाचा फोटो पाठवला. सोळा गोल आहेत. त्यातल्या तीन चौकोनांत नानांनी दुधाचा खाडा लिहिलाय, तेव्हा ते तीन गोल डोक्याचे की दुधाचे, हे अजून विचारायचंय.