‘विश्वास असेल तर किमो कशाला?’ या मेसेजला एका पेशंटचं उत्तर

माझी तिसरी किमो झाली त्या आठवड्यात हा मेसेज मला तिघांनी पाठवला. तिघंही माझ्यासाठी रोज प्रार्थना करणारे. मेसेजमध्ये थोडक्यात असं होतं: प्रभूवर पूर्ण विश्वास असलेल्याला किमोची गरज नाही. आसा राजा वैद्यांकडे गेला आणि मेला. ख्रिस्ताच्या जखमांनी आपण आधीच बरे झालो आहोत, तेव्हा ‘मला कॅन्सर आहे’ असं तोंडानेही म्हणू नये. रडणं, घाबरणं हा अविश्वास. आणि एवढं करूनही आजार हटत नसेल तर कबूल न केलेलं पाप शोधा. शेवटी, दहा जणांना पाठवा.

मी विश्वासणारी आहे. उपचाराचे ते महिने मी प्रार्थनेच्या जोरावर काढले, हे कोणालाही सांगेन. म्हणूनच या मेसेजवर गप्प बसणं मला जमत नाही.

आधी आसा. त्याची गोष्ट बायबलमध्ये 2 इतिहास 16 मध्ये आहे. त्याच्या पायांना भारी रोग झाला आणि त्याने परमेश्वराचा धावा न करता वैद्यांचा शोध घेतला, असं तिथे म्हटलंय खरं. पण तो अध्याय वरून वाचा. शत्रू चालून आला तेव्हा आसाने मंदिरातलं सोनंरुपं अरामाच्या राजाला पाठवून मदत विकत घेतली. हनानी द्रष्ट्याने त्याबद्दल खडसावलं, तर त्यालाच कैदेत टाकलं. देवाला दार बंद केलेल्या माणसाने आजारातही ते उघडलं नाही, ही तक्रार आहे. वैद्याला बोलावल्याबद्दल त्याला कोणी बोल लावलेला नाही.

आणि आसाची आठवण काढणारे हिज्कीया राजाला का विसरतात? 2 राजे 20. तो मरणाला टेकलाय, भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडतोय. देव त्याची प्रार्थना ऐकतो, आणखी पंधरा वर्षं देतो. मग यशया संदेष्टा काय सांगतो? अंजिरांची ढेप आणा, गळवावर बांधा. बरं करण्याचं वचन आधीच मिळालेलं, तरी लेप लावायचाच! प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. आणि ज्याला तो प्रिय म्हणतो तो लूक वैद्यच होता.

आता माझ्या घरातली एक रात्र सांगते. दुसऱ्या किमोनंतरचा दहावा दिवस, रात्रीचा दीड. अंगात हुडहुडी, थर्मामीटरवर 101.2. डॉक्टरांनी बजावलं होतं की ताप 100.4 झाला तर सकाळची वाट बघायची नाही. किमोनंतर आठवडा-दीड आठवड्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. एरवी अंगावर काढता येईल असं इन्फेक्शन तेव्हा काही तासांत रक्तात भिनू शकतं आणि शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू करावं लागतं. माझी नणंद तेव्हा आमच्याकडे होती. ती म्हणाली, “वहिनी, आधी गुडघे टेकू या.” नवरा चपला घालत म्हणाला, “गाडीत कर प्रार्थना, चल.” तिने केली. माझा हात धरून, मोठ्याने, हॉस्पिटलच्या दारापर्यंत. त्या प्रार्थनेत मला काहीच कमी वाटलं नाही. पण असला मेसेज खरा मानून आम्ही घरातच बसलो असतो तर?

उपचार सोडण्याची किंमत मोजली गेलेली आहे. येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2018 मध्ये छापलेल्या अभ्यासात स्तन, प्रोस्टेट, फुफ्फुस आणि मोठ्या आतड्याचे, अजून शरीरभर न पसरलेले कॅन्सर होते. सर्जरी, किमो, रेडिएशन सगळं नाकारून फक्त पर्यायी उपाय करणारे सुमारे 280 रुग्ण त्यांनी तपासले. उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटींहून जास्त. हा अभ्यास प्रार्थनेचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते. पण उपचार सोडल्यावर गाठ काय करते, हे त्यात दिसतं. आपण का सोडले हे गाठ विचारत नाही.

‘त्याच्या जखमांनी आम्ही बरे झालो’ हे यशया 53 चं वचन मलाही प्रिय आहे. पण ते पुन्हा सांगणाऱ्या पेत्राच्या पिढीतच पौलाचा सोबती त्रफिम आजारी पडला आणि पौलाला त्याला मिलेत शहरात मागे ठेवून पुढे जावं लागलं. खुद्द पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची छाती आहे?

रडण्याबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण या मुद्द्याने मला सगळ्यात जास्त छळलं. मेसेज वाचल्यावर मी काही दिवस बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. घरच्यांना कळू नये म्हणून, आणि खरं सांगायचं तर देवालाही कळू नये म्हणून. भीती वाटली की वाटायचं, आता या भीतीनेच आजार वाढणार. पुढे कळलं की हेही तपासून झालंय. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या 1,093 रुग्णांवरचा अभ्यास 2007 मध्ये आला होता. मन किती प्रसन्न आहे यावरून कोण किती जगेल हे त्यात ठरलं नाही. माझ्या रडण्याने गाठ वाढत नव्हती.

आणि रडणं अविश्वास असेल तर स्तोत्रांच्या पुस्तकाचा मोठा भाग फाडावा लागेल. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. गेथशेमानेत येशूने तेच शब्द तीनदा बोलून दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी केली. हिज्कीयाला देवाचा निरोप होता: मी तुझे अश्रू पाहिले आहेत.

किमोच्या खुर्चीवर माझ्या तोंडी 23 वं स्तोत्र असायचं. लाल औषधाची सिरिंज घेऊन नर्स शेजारी बसायची, हातात जाड ग्लोव्हज, अंगावर गाऊन. हळूहळू दाबत औषध माझ्या शिरेत सोडायची आणि जळजळतंय का, असं पुन्हापुन्हा विचारायची. लहानपणापासून पाठ असलेल्या त्या ओळींत एक गोष्ट मला तिथे पहिल्यांदा दिसली. सुरुवातीला दावीद देवाबद्दल बोलतो: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला पाण्यावर नेतो. मृत्युच्छायेची दरी आली की म्हणतो, ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस’. हिरव्या कुरणात ‘तो’, दरीत ‘तू’. दरी चुकवण्याचं आश्वासन त्या स्तोत्रात कुठेच नाही. मला जे बळ मिळालं ते इथून मिळालं. ‘मला कॅन्सर आहे’ हे मोठ्याने म्हणायची हिंमतही इथूनच आली.

पापाच्या मुद्द्याला योहान 9 पुरेसं आहे. जन्मांधाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कोणी केलं? येशू म्हणतो, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. रुग्णाला पाप शोधायला लावणाऱ्यांनी हा अध्याय एकदा उघडावा.

मेसेजमध्ये याकोब 5 चा दाखलाही आहे, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. त्याच्या आधीचं वाक्य मात्र गाळलंय. दुखणाइताने मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी. म्हणजे त्यांनी यायचं, रुग्णाजवळ बसायचं, हात लावायचा. दुसऱ्या औषधाच्या सायकल सुरू झाल्या तेव्हा माझ्या पायांची बोटं बधिर झाली होती, चप्पल निसटली तरी कळायचं नाही. एका रविवारी मंडळीतल्या दोघी आल्या. एकीने पुढच्या किमोची तारीख विचारून घेतली, सोबत यायला. दुसरी खाली बसली, माझे पाय मांडीवर घेतले आणि तेल चोळत हळू आवाजात प्रार्थना करत राहिली. बोटांना काही कळत नव्हतं. घोट्याला तिच्या तळहाताची ऊब कळत होती.