‘घरबसल्या’ या शब्दाबद्दल

‘द अ‍ॅव्हेंजिंग कॉन्शन्स’वरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया चार वेळा वाचली. उत्तराला दोन दिवस लागले, कारण त्याच रात्री लिहिलं असतं तर नको ते लिहून बसलो असतो.

आधी माझी चूक. दिग्दर्शक ग्रिफिथचा हा १९१४चा मूकपट एडगर अ‍ॅलन पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’ या कथेवर बेतलाय, एवढंच मी म्हटलं होतं. पोची ‘अ‍ॅनाबेल ली’ ही कविताही त्यात आहे, ते राहून गेलं. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता आपलं ते वाक्य. ‘पेन्सिलच्या टकटकीने खुनी ढासळतो हे घरबसल्या सिनेमे बघणाऱ्यांनाच पटेल, अपराधाची टोचणी काय असते हे त्यांना काय ठाऊक!’ मतभेद असू देत, त्यासाठीच मी प्रतिक्रिया खुल्या ठेवल्या आहेत. पण मला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे आपण कुठून ठरवलंत?

आणि नुसती पेन्सिल कुठे आहे तिथे? काकाला मारून बसलेला पुतण्या गुप्तहेरासमोर आहे. घड्याळाचा लंबक हलतोय, गुप्तहेराची पेन्सिल टेबलावर आपटतेय, त्याचा पाय जमिनीवर ठेका धरतोय, बाहेर घुबड. ग्रिफिथ एकेक गोष्ट जवळून दाखवतो आणि दर वेळी पुतण्या झालेल्या हेन्री वॉल्थॉलच्या चेहऱ्याकडे परत येतो. पडद्यावर आवाज नाहीच. तो ऐकू येतो त्या पुतण्याला, आणि त्याच्याकडे बघता बघता आपल्याला. पोच्या कथेत खुन्याला मेलेल्या माणसाच्या काळजाचे ठोके ऐकू येतात, ते मुक्या पडद्यावर आणायचे तर दुसरं काय करायचं?

सांगणार नव्हतो, पण आपण विषय काढलात. सातवीत असताना मी आजोबांच्या कोटातून वीस रुपये घेतले. आळ आला भांडी घासणाऱ्या मावशींवर. आजी रागावली नाही. महिन्याचे पैसे हातावर ठेवले आणि उद्यापासून येऊ नका म्हणाली. मावशींनी नोटा पदराच्या टोकाला बांधल्या, गाठ दोनदा आवळली. मी जिन्यात उभा राहून बघत होतो. दुसऱ्या दिवसापासून नव्या बाई आल्या. मोरीतून पातेल्यावर काथ्या घासल्याची खरखर सुरू झाली की माझ्या तळहातांना घाम फुटायचा. त्या बाईंना बिचाऱ्यांना काय माहीत! एका रात्री जेवताना, कुणी काही विचारलं नसताना, मी सगळं बोलून गेलो. आजी सकाळीच मावशींकडे गेली. त्या परत आल्या नाहीत.

त्या खरखरीने मला तोंड उघडायला लावलं. तेव्हा पेन्सिलच्या टकटकीने माणूस ढासळत नाही, हे मला कृपया सांगू नका. आपल्याला असा अनुभव नसेल तर चांगलंच आहे, पण म्हणून समोरच्यालाही नसेल असं धरून चालणं हा उद्धटपणा आहे.

बाकीच्या मुद्द्यांवर फार बोलायचं नाही. शेवटी सगळं स्वप्न निघतं ही पळवाट आहे, हे अनेकांनी म्हटलंय, माझ्या लेखाचा तो विषयच नव्हता. येशू आणि मोझेस दिसतात ती दृश्यं आपल्याला बटबटीत वाटली, वाटू देत. संगीत रटाळ आहे म्हणता, तर ते त्या प्रतीवर नंतर कुणीतरी जोडलेलं आहे, त्याचं खापर ग्रिफिथवर कशाला?

पुन्हा लिहिणार असाल तर आधी तो चौकशीचा प्रसंग आवाज बंद करून बघा. वॉल्थॉलच्या हातांकडे बघा. त्या हातांबद्दल बोलायचं असेल तर मी रात्रभर बोलायला तयार आहे. मला काय ठाऊक आहे यावर मात्र आपण पुन्हा लिहिलंत, तर ती प्रतिक्रिया मी काढून टाकीन.