"7 दिवसांत हॅन्डस्टँड" मेसेजबद्दल खुलासा

ग्रुपवर फिरतंय की भिंतीकडे पाठ करून रोज पाय वर मारत राहा, 7 दिवसांत भिंतीशिवाय हातांवर उभं राहता येतं, दंडात ताकद असली की झालं. असं नाहीये हो, बहुतेकांना कित्येक महिने लागतात, आणि तोल दंडावर नसतोच, बोटांवर असतो. अंग पाठीच्या बाजूला कलंडायला लागलं की बोटांची टोकं जमिनीत रुतवायची, पाय परत खाली यायला लागले की दाब तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर घ्यायचा, बस. पाठ भिंतीकडे असली की कमरेत बाक येतो आणि रेलायची सवय लागते, त्यापेक्षा पोट भिंतीकडे ठेवून पाय हळूहळू वर चालवत न्या.

पण मेसेजमध्ये पडायचं कसं हेच नाही, याचं मला फार वाईट वाटतं! तोल गेला की एक हात पुढे टाकून अंग वळवायचं, पाय बाजूला उतरतात, कार्टव्हीलसारखं. मला हे जमलं तेव्हाच माझी भीती गेली. मनगट दुखलं तर त्या दिवशी थांबा. आणि हाय बीपी किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटं होऊच नका, प्लीज.